घाडीबाईंच्या भिंतीवरचं काश्मीर

मंजुळा घाडींच्या खानावळीत रविवारी दुपारी कोलंबीच्या रश्शात भिंतीचा पोपडा पडला, आणि पडला तो नेमका उत्तमच्या ताटात. उत्तमने तो दोन बोटांनी उचलून उजेडात धरला.

"वैनी, हे काय हो?"

"खोबरं असेल," मंजुळाबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

खोबरं पांढरं असतं आणि हा तुकडा एका बाजूने चांगला हिरवागार होता. पण उत्तम पडला भिडस्त. त्याने तो चावून बघितला. संध्याकाळी तो जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की तो करी रोडच्या पुलाजवळ दुसऱ्या खानावळीत बसायला लागलाय आणि जाताना आपले दोन दोस्तही घेऊन गेलाय.

मंजुळाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. संपानंतर त्यांच्या यजमानांची, दत्ताराम घाडींची, मिल जी बंद झाली ती झालीच. साचाखात्यात, मागांवर, उमेदीची वर्षं घालवलेला माणूस आता चाळ कमिटीचा सेक्रेटरी होऊन नोटिसा लिहीत बसला होता. घर चालायचं ते बाईंच्या चुलीवर. आणखी चार गडी असे उठून गेले असते तर खोलीला कुलूप लावून गावी जायची पाळी आली असती. गाव दोघांनाही आवडायचं, पण ते मे महिन्यात, परतीचं तिकीट खिशात असताना.

"शिरा पडली त्या भिंतीवर!" बाई म्हणाल्या. "अहो, नुसते काय बसलाय? त्या दुरुस्तीच्या कचेरीत जाऊन या."

भिंत होतीच तशी. पलीकडून चाळीचा सार्वजनिक नळ आणि अलीकडून बाईंची फोडणी. पलीकडचं पाणी झिरपत यायचं, अलीकडची काजळी वर चढायची आणि मधल्या मध्ये जुना हिरवा रंग फुगून सुटायचा. दत्ताराम कचेरीत गेले. तिथले खांबेटेसाहेब म्हणाले, "पावसाळ्याआधीच्या यादीत घालतो. पण नुकसान दिसलं पाहिजे. फोटो आणा."

आता फोटो काढायचा कुणी? लालबागचा स्टुडिओवाला म्हणाला, भिंत घेऊन दुकानात या. दत्ताराम विचार करत जिना चढत होते, तेवढ्यात त्यांना तो माणूस दिसला. खांद्याला झोळी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि जिन्यातल्या पडक्या गिलाव्यापुढे कॅमेरा लावून देवापुढे उभं राहावं तसा उभा. गेले कित्येक दिवस तो चाळीत येत होता. तो घरमालकाचा माणूस आहे, चाळ मोजायला येतो, असं सगळ्यांचं मत होतं. दत्तारामांच्या शेजारची सखुबाई, मूळची माझगावची कोळीण, लालबागच्या बाजारात मासळी विकायची. तिने तर एकदा त्याला कोयता दाखवून खाली घालवला होता.

"काय हो, तुम्ही नक्की कोण?" दत्तारामांनी विचारलं.

"मी मनमोहन त्रिलोकेकर. ठाकुरद्वारला असतो. पूर्वी जाहिरात कंपनीत साबणाचे फोटो काढायचो, आता हे काढतो."

"हे म्हणजे?"

मनमोहनरावांनी त्यांना हाताला धरून गिलाव्यासमोर उभं केलं. "नीट बघा. हे वाळवंट. हा उंटांचा तांडा. आणि इथे वर, दिसतंय का, वादळ येतंय."

दत्तारामांनी नीट बघितलं. जिथे वादळ येत होतं तिथे लहानपणी त्यांनी स्वतः कोळशाने स्टंप काढले होते. पण माणूस निरुपद्रवी वाटला, मुख्य म्हणजे फुकट वाटला. त्यांनी त्याला सरळ घरात नेलं.

चुलीमागची भिंत बघून मनमोहनराव खाली बसले. चष्मा पुसला. परत उठून बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी अशी भिंत शोधतोय."

"न्या हो तुमच्या घरी," मंजुळाबाई म्हणाल्या.

फोटो काढायला अख्खा दिवस गेला. सकाळी ऊन तिरपं हवं म्हणून ते थांबले. ऊन आलं तेव्हा त्यांना वाफ हवी झाली. "भात चढवा वहिनी, डोंगरावर जरा धुकं येऊ दे." भात झाला तसं ते म्हणाले, आता झाकण एकदम काढू नका, हळूहळू काढा. दाराबाहेर उरलेले जेवणारे ताटं घेऊन ताटकळत उभे. सखुबाई चौकटीला टेकून हा तमाशा बघत होती.

"मंजुळे, भिंतीची दृष्ट काढ गं," ती म्हणाली. "एवढं तर तुला बघायला आले तेव्हा पण कोण बघत नव्हतं."

मंजुळाबाई लाजल्या आणि चिडल्याही. पंधरा वर्षं त्या माणसांना जेवायला घालत होत्या. कोणी हातच्या चवीचं कौतुक करायचं, कोणी माशांचं. भिंतीचं कौतुक करणारा हाच पहिला, आणि तोही त्यांची कढई बाजूला सारून करत होता.

फोटो आले तेव्हा मात्र सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. मनमोहनरावांनी त्यातला एक तर कॅलेंडरएवढा मोठा करून आणला होता. हिरवंगार, शांत तळं. पलीकडे काळेभोर डोंगर, डोंगरावर पांढरं बर्फ. सगळ्यावर झिरझिरीत धुकं आणि धुक्यात एक बारका चंद्र. मंजुळाबाईंनी फोटोकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं.

"एवढं सगळं हितं होतं?" त्या हळूच म्हणाल्या. त्यांना एकदम रडू आल्यासारखं झालं, म्हणून त्यांनी दत्तारामांवर आवाज चढवला. "बघत काय बसलात? जा, देऊन या!"

खांबेटेसाहेबांनी पाकीट उघडलं, फोटो एकेक करून टेबलावर मांडले आणि चष्म्यावरून दत्तारामांकडे बघितलं.

"घाडी, पाकिटांची अदलाबदल झाली वाटतं. हे तुमच्या काश्मीरच्या ट्रिपचे."

"नाही साहेब. ही आमची भिंत."

"अहो, माझी मिसेस लग्न झाल्यापासून काश्मीर काश्मीर करतेय. मला काश्मीर ओळखता येणार नाही?"

"साहेब, तो डोंगर म्हणजे काजळी आहे. आणि धुकं म्हणजे भाताची वाफ आहे."

"हे बघा," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे मी वर पाठवलं तर ते म्हणतील, खांबेटे, तुम्हाला रजा हवी असेल तर सरळ मागा. शेजारी माणूस उभा करून फोटो काढा. म्हणजे घर आहे हे तरी कळेल." त्यांनी फोटो परत केले. मोठा मात्र ठेवून घेतला. "हा फाइलला राहू दे," ते म्हणाले.

माणूस म्हटल्यावर मनमोहनराव कावरेबावरे झाले. नोकरी सोडल्यापासून त्यांनी माणसाचा फोटो काढला नव्हता. माणसं हलतात, आणि वर फोटो कसा आला म्हणून विचारतात, अशी त्यांची तक्रार होती. घरी त्यांच्या बायकोने, उर्मिलाबाईंनी, त्यांना समजावलं, "अहो, त्या बाईची चूल विझायला आलीय. तुमची कला राहू द्या जरा बाजूला." तेव्हा कुठे ते आले.

बाकीची तयारी चाळीने केली. फोटो निघणार, तोही फुकट, म्हटल्यावर कोण आहे त्या कपड्यांत उभं राहील? मंजुळाबाईंनी ट्रंकेतून लग्नातला शालू काढला. नथ घातली. दत्तारामांनी कोट घातला. सखुबाई अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं चढवून, डोक्यात वेणी माळून हजर.

"तू कशाला?" दत्तारामांनी विचारलं.

"भिंत काय तुमची एकट्याची हाय? माझ्या खोलीत पण ओल येते!"

तिच्यामागे अख्ख्या मजल्याची रांग लागली. मनमोहनराव कॅमेऱ्यामागून विनवण्या करत होते. "जरा बाजूला सरका, भेग झाकतेय. वहिनी, हसू नका. भिंत पडायला आलीय असा चेहरा करा."

"नथ घालून रडू?" मंजुळाबाई म्हणाल्या. "अशुभ कुठलं! काढा मुकाट्याने."

खांबेटेसाहेबांनी हे फोटो जास्त वेळ बघितले. शालू बघितला, कोट बघितला, सखुबाईच्या गळ्यातल्या पुतळ्या बघितल्या.

"फोटो झकास," ते म्हणाले. "कुठला स्टुडिओ? मागचा रंगवलेला पडदा सुरेख आहे. तळं काय, डोंगर काय. हल्ली असे पडदे मिळत नाहीत."

दत्तारामांनी हात टेकले. खुर्चीवर बसले आणि उठेनातच. शेवटी साहेबांनाच त्यांची दया आली. "बरं, असं करा. गुरुवारी मी स्वतः येतो. डोळ्यांनी बघतो. मग तर झालं?"

झालं असतं. खरोखरच झालं असतं. पण गुरुवारी सकाळी दत्ताराम साहेबांना आणायला कचेरीत गेले आणि त्यांनी जाताना एकच चूक केली. दारातून मागे वळून म्हणाले, "साहेब घरात येणार आहेत. जरा बघ."

आता साहेब घरात येणार, जरा बघ, याचा अर्थ मंजुळाबाईंना कुणी शिकवायला नको होता. त्यांनी आधी लादी घासली. मग भांडी चकचकीत केली. पाटावर नवी चादर घातली. सखुबाईने पहाटेच धक्क्यावरून हातभर लांब सुरमई आणून दिली होती. उंबऱ्याबाहेर रांगोळी झाली. एवढं सगळं झाल्यावर दोघी मागे सरून खोलीकडे बघत उभ्या राहिल्या आणि दोघींची नजर एकाच ठिकाणी गेली.

"मंजुळे," सखुबाई म्हणाली, "ती भिंत गो."

"तेच बघते मी. मेली कशी दिसते!"

"एवढा मोठा सायब तुझ्या घरात जेवनार, आनि त्याच्या म्होरं ही अवकळा?"

खालच्या मजल्यावरचा धोंडू मूर्तींच्या कारखान्यात गणपती रंगवायचा. त्याला हाक गेली. धोंडू हाताचा चलाख. त्याने पोपडे खरवडले, भेगांत प्लास्टर दाबलं, वरून गुळगुळीत हात फिरवला आणि कारखान्यात होता तो रंग दिला. होता तो रंग म्हणजे गणपतीच्या अंगाचा गुलाबी. तासाभरात ते तळं, ते डोंगर, तो चंद्र सगळं जाऊन तिथे एक गोरीगोमटी गुलाबी भिंत उभी राहिली. मंजुळाबाईंनी तिच्यावर मधोमध लक्ष्मीचं कॅलेंडर लावलं. त्यांना वाटलं, आपलं घर पहिल्यांदाच चारचौघांसारखं दिसतंय.

साहेब आले ते भरदुपारी, भुकेले. दत्ताराम त्यांना जिन्यात सांगत होते, "साहेब, चुलीजवळ जपून बसा हं. अंगावर पडेल." साहेब आत आले. दत्ताराम मागून आले. भिंतीकडे बघून ते उंबऱ्यातच थबकले.

"अगो, हे काय?" शेवटी ते पुटपुटले.

"कसं दिसतंय?" मंजुळाबाई हळूच, अभिमानाने म्हणाल्या.

साहेबांनी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं. सुरमईच्या वासात रंगाचा वास बुडून गेला होता. "भिंत तर मस्त आहे," ते म्हणाले. मग ते पाटावर बसले आणि पोटभर जेवले. सोलकढी दोनदा घेतली. हात धुऊन झाल्यावर त्यांनी कागद काढला, 'दुरुस्तीची आवश्यकता दिसत नाही' असं लिहून सही केली आणि दत्तारामांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाडी, उगीच घाबरता. असं घर नि असं जेवण नशिबात असावं लागतं."

साहेब गेल्यावर दत्ताराम ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं मंजुळाबाईंना वाटलं. ते गॅलरीत जाऊन बंद मिलच्या धुराड्याकडे तोंड करून बसले. बाईंना तेव्हा कुठे आपण काय केलं ते कळलं. त्या चुलीसमोर बसून पदराने डोळे पुसत राहिल्या, आणि सखुबाई, जी बाजारात कुणाचं ऐकत नाही, तीसुद्धा खाली मान घालून त्यांच्या शेजारी बसून राहिली.

गुलाबी रंग आठवडाभर टिकला. मग नळाचं पाणी प्लास्टरच्या मागे साठलं आणि एके दुपारी लक्ष्मीच्या कॅलेंडरसकट परातीएवढा तुकडा सुटून थेट आमटीच्या टोपात पडला. या वेळी खोबरं म्हणायची सोय नव्हती. आणखी तिघे उठले. उरलेल्या दोघांनी, वैनी आम्ही महिनाअखेरपर्यंत आहोत, असं सांगितलं.

"चला," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी गुलाबी तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारला. "आता मी येते कचेरीत. त्या फोटोवाल्या भाऊंनापण बोलवा. त्यांनी भिंतीचं काश्मीर केलं, मी निस्तरते."

खांबेटेसाहेबांच्या केबिनमध्ये तिघे ओळीने उभे राहिले. साहेबांचा चहा नुकताच आला होता. बाईंनी त्याच्या शेजारी पुडकं सोडलं.

"हे काय?"

"तुम्ही टकटक केलेली भिंत."

साहेब काही बोलणार तेवढ्यात मनमोहनरावांनी दत्तारामांचा दंड घट्ट धरला. ते साहेबांच्या खुर्चीमागे बघत होते. तिथे, भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, हिरवंगार तळं होतं. काळे डोंगर होते. बारका चंद्र होता.

"लावलात," मनमोहनराव म्हणाले. "माझा फोटो अजून कुणी भिंतीवर लावला नव्हता हो. घरी उर्मिलासुद्धा लावू देत नाही. म्हणते, घरात ओल काय कमी आहे?"

"तुमचा?" साहेब म्हणाले. "अहो, तो काश्मीरचा आहे."

मंजुळाबाईंच्या अंगात संचारलं. टेबलाला वळसा घालून त्या थेट फ्रेमपाशी गेल्या.

"हे काश्मीर? हा डोंगर बघा. ही पंधरा वर्षांची माझी फोडणी आहे. हे बर्फ? कढीचं पातेलं उतू गेलं त्या दिवसापासून घासतेय, निघत नाही. आणि हा चंद्र ना, साहेब, हा खिळा आहे. ह्याला मी झारा टांगते."

साहेब उठले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक काचेला लावलं. चंद्राकडे बघितलं. चंद्राला खालून थोडा गंज चढला होता. "थांबा," ते म्हणाले, "उजेडात बघू," आणि त्यांनी दोन्ही हातांनी फ्रेम भिंतीवरून उचलली.

फ्रेमच्या मागे दुसरं काश्मीर होतं. याहून मोठं. हिरवं, काळं, पिवळं, छतापासून खुर्चीपर्यंत पसरलेलं. वरच्या कोपऱ्यातला एक पोपडा अलगद सुटला, हवेत एक गिरकी घेऊन खाली आला आणि साहेबांच्या चहात पडला.

साहेब कपाकडे बघत राहिले.

"खोबरं असेल," मंजुळाबाई म्हणाल्या.

साहेबांनी फ्रेम टेबलाला टेकवून ठेवली. खुर्चीत बसले. कप बाजूला सारला. मग खणातून घाडींची फाइल काढली, स्वतःचं 'आवश्यकता दिसत नाही' आडव्या रेघेने खोडलं आणि खाली लिहिलं, 'तातडीने'. सही केली आणि शिक्काही मारला.

"सोमवारी माणसं येतील," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि बाई, या वेळी कुणाला जेवू घालू नका."

मंजुळाबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. उद्या उत्तमला निरोप धाडायचा, हे त्यांनी मनात ठरवून टाकलं.

दत्तारामांना मात्र राहवेना. "पण साहेब, दुरुस्तीचं ऑफिस तुमचं. मग ही भिंत अशी?"

"वर अर्ज केलाय ना," साहेब म्हणाले. "किती वेळा केला. ते म्हणतात, फोटो पाठवा."

हे ऐकताच मनमोहनरावांचा चेहरा उजळला. ते भिंतीवरून नजर न हलवता झोळी चाचपायला लागले. त्यांना तिथे एक अख्खं जंगल दिसत होतं, आणि जंगलातून जाणारी नदी. "साहेब, जरा तो चहा परत गरम करून मागवा," ते म्हणाले. "थोडं धुकं लागेल."

मंजुळाबाईंनी पुढे होऊन त्यांच्या झोळीवर हात ठेवला.

"राहू दे भाऊ," त्या म्हणाल्या. "साहेबांची भिंत दुरुस्त व्हायला पाहिजे."